रस्ता का वळतो

रविवारी पहाटे गाडी काढायची, दोन-अडीच तास चालवायची आणि कुठंही न पोचता घरी परत यायचं, हे घरच्यांना समजावून सांगायला मला बरीच वर्षं लागली. आई विचारायची, "कुठं निघालीस गं?" मी म्हणायचे, "वळणांचा एक रस्ता आहे." ती म्हणायची, "हो, पण तो जातो कुठं?" आणि तिथं मी अडायचे, कारण तो कुठं जातो याकडे माझं खरंच लक्ष नसायचं. लक्ष सगळं त्या मधल्या बारा-पंधरा किलोमीटरवर, जिथं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे गाडी झुलत जाते, हातांना सतत काहीतरी काम असतं आणि समोरचा तोच डोंगर प्रत्येक वळणानंतर जरा वेगळा दिसतो.

हे काही ठरवून सुरू झालं नाही. एकदा हायवेवर पुढे ट्रक उलटला होता, तासभर गाड्या हलेनात, शेवटी लोक मागच्या फाट्यावरून आत वळायला लागले म्हणून मीपण वळवली. तो हायवे व्हायच्या आधीचा जुना रस्ता होता, एका गाडीला ऐसपैस आणि दोन गाड्यांना जेमतेम, डांबर जुनं पण धड, दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, आणि टेकडीच्या कडेकडेनं तो असा काही वळत होता की दहा मिनिटांत मी उशीर झालाय हेच विसरले. तोपर्यंत दहा वर्षं मी गाडी नुसती सरळ धरून ठेवत होते असं त्या दिवशी वाटलं. घरी आल्या आल्या नकाशा उघडला. हायवेची जाड रेघ ठळक दिसत होती आणि तिच्या आजूबाजूनं, कधी हायवेखालून कधी वरून, ही बारीक रेघ जात होती, इतकी बारीक की दोनदा झूम केल्याशिवाय दिसेना. मग अशा बारीक रेघा शोधायचा नादच लागला.

सुरुवातीला चुकीच्या जागी शोधलं. म्हणजे जगातले सगळ्यात भारी वळणांचे रस्ते कोणते, त्यांचे फोटो, त्यांचे आकडे, हेच रात्र रात्र बघत बसायचे. स्टेल्व्हिओ खिंडीचा फोटो तुम्हीही पाहिला असेल, इटलीत आल्प्समधे, उंची २,७५७ मीटर, एका बाजूनं चढताना ४८ हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट्या दिशेला फिरवणारी वळणं, भिंतीवर शिवण घातल्यासारखा रस्ता. फोटो बघून जीव जातो. पण त्याची गोष्ट वाचली तेव्हा मला एकदम थांबल्यासारखं झालं. तो रस्ता कुणाच्या मौजेसाठी केलेलाच नव्हता. १८२० ते १८२५ मधे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यानं तो बांधला, लोम्बार्डी प्रांत उरलेल्या साम्राज्याला जोडायचा म्हणून. तेव्हा मोटारी कुठल्या, घोडागाड्याच. भरलेली गाडी ओढत घोड्याला चढता यायला हवं, एवढ्याच एका अटीपायी इंजिनिअर कार्लो दोनेगानीला तो उतार ४८ वेळा दुमडावा लागला. म्हणजे आज लोक ज्या वळणांसाठी लांबून लांबून येतात त्या प्रत्येक वळणात एका घोड्याचा दम मोजलेला आहे.

तिथून माझा प्रश्न बदलला. वळणांचा रस्ता कुठं आहे हे विचारायच्या ऐवजी मी रस्ता मुळात वळतो का हे विचारायला लागले. आणि ते कळायला लागल्यावर लांबचं काही बघायची गरजच राहिली नाही, आपल्याच शहराच्या भोवती, तासा-दीड तासाच्या अंतरावर, इतके रस्ते निघाले की अजून संपलेले नाहीत.

हिशोब साधा आहे. समजा पायथ्यापासून वरच्या पठारापर्यंत ३०० मीटर चढायचंय आणि नकाशावर दोन्हींतलं सरळ अंतर आहे दोन किलोमीटर. सरळ रस्ता काढला तर चढ होतो १५ टक्के, भरलेला ट्रक तिथं रडकुंडीला येईल आणि उतरताना त्याचे ब्रेक तापून निकामी होतील. चढ ६ टक्क्यांवर आणायचा तर तेवढ्याच ३०० मीटरसाठी पाच किलोमीटर रस्ता लागतो. जागा आहे दोन किलोमीटरची आणि रस्ता बसवायचाय पाच किलोमीटरचा. हे वरचे तीन किलोमीटर कुठंतरी दुमडून ठेवावे लागतात, आणि ते जिथं दुमडून ठेवलेत त्याला आपण घाट म्हणतो. म्हणून नकाशावर मी सगळ्यात आधी उंचीचे आकडे बघते. शहर एका उंचीवर, साठ-सत्तर किलोमीटरवरचं एखादं गाव दुसऱ्याच उंचीवर, म्हणजे मधे कुठंतरी रस्त्याला चढावं किंवा उतरावं लागलंय, आणि ते जिथं झालं असेल तिथं आपलं काम आहे.

पण चढ हे वळणाचं एकच कारण झालं. दुसरं कारण मला बाबांनी शिकवलं, आणि त्यांना तर गाडी चालवण्याची काही आवडपण नव्हती. त्यांना नकाशे आवडायचे, कागदाचे, घडीवर फाटलेले. ते म्हणायचे, आधी पाणी कुठून कुठं वाहतं ते बघ, रस्ता नंतर बघ. तेव्हा मला ते उगाच काहीतरी वाटायचं. आता मी त्याच क्रमानं बघते. नदीच्या काठानं जाणारा रस्ता नदीसारखाच लांब, सैल वळणं घेतो, चढ-उतार फारसा नसतो, तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे एका लयीत जाता येतं आणि पाणी कधी उजवीकडे कधी डावीकडे साथ देत राहतं. धारेवरून जाणारा रस्ता वळतो कमी पण दोन्हीकडे दऱ्या, त्यामुळे तिथं चालवण्यापेक्षा थांबायलाच जास्त होतं. आणि डोंगराच्या पोटातून, एकाच उंचीवरून जाणारा रस्ता सगळ्यात न्यारा, कारण तो प्रत्येक घळीत आत शिरतो आणि प्रत्येक सोंडेवरून बाहेर येतो, आत गेलं की सावली, गारवा, एखादी मोरी, मोरीखालून ओढा, आणि बाहेर आलं की एकदम ऊन आणि सगळी दरी समोर. आत, बाहेर, आत, बाहेर. श्वास घेतल्यासारखं.

नकाशात हे कसं ओळखायचं तर समोच्च रेषा चालू करायच्या, म्हणजे एकाच उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या त्या तपकिरी रेघा. रेघा दाट तिथं उतार उभा, विरळ तिथं सपाटी. रस्ता जर या रेघांना तिरपा कापत वर सरकत असेल तर तो चढतोय, आणि जर रेघेला धरून तिच्या प्रत्येक वळशाबरोबर वळत असेल तर तो आपला पोटातला रस्ता. आज फोनवर या रेघा कुठल्याही कोपऱ्याच्या मिळतात याचं मला अजून नवल वाटतं. फेब्रुवारी २००० मधे एन्डेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारनं जगातल्या जवळजवळ ८० टक्के जमिनीची उंची मोजून आलं, आणि आज फुकट मिळणाऱ्या बऱ्याचशा नकाशांमधले उंचीचे आकडे तिथून आलेले आहेत. रविवारचा रस्ता शोधायला मी अवकाशातून केलेली मोजणी वापरते, हा विचार रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून नकाशा सरकवताना बरेचदा येतो.

पोटातल्या रस्त्यांमधे माझा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे धरणाच्या पाण्याभोवतीचा रस्ता. शहर म्हटलं की पाणी लागतं आणि पाण्यासाठी बरेचदा जवळपास कुठंतरी धरण असतं. धरण बांधलं की दरीच्या तळातला जुना सरळ रस्ता पाण्याखाली जातो आणि वर डोंगराच्या अंगाला कोरून नवा काढावा लागतो. आता पाण्याची कड म्हणजे स्वतःच एक समोच्च रेषा, जमिनीवर प्रत्यक्ष काढून ठेवलेली! त्या कडेनं जाणारा रस्ता तिच्याइतकाच वळतो, प्रत्येक ओढ्यापाशी आत, प्रत्येक सोंडेपाशी बाहेर. त्यात पाण्याच्या बाजूला वस्ती कमी, फाटे कमी, वाहतूक कमी, आणि रस्ता कामासाठी म्हणून नीट डांबरी केलेला. सॅटेलाइट नकाशात पाण्याचा आकार बोटं पसरलेल्या हातासारखा दिसला की समजायचं, त्या बोटांच्या कडेनं रस्ता असेल तर दुसरं काही बघायला नको. (अर्थात त्या पाण्याखाली कुणाकुणाची गावंही असतात. पाणी खाली गेलेलं असलं आणि जुना रस्ता चिखलातून उघडा पडलेला दिसला की मी गाडी थांबवते. तिथं नुसतं पुढे निघून जाववत नाही.)

तिसरी जागा म्हणजे जिथं मोठ्या रस्त्यानं धाकट्याला टाकून दिलंय. बोगदा झाला, उड्डाणपूल झाला, बायपास झाला की ट्रक आणि घाईची माणसं तिकडे जातात आणि जुनी वळणं तशीच मागे राहतात. स्वित्झर्लंडमधे गॉटहार्ड खिंडीखालून १९८० मधे १६.९ किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा सुरू झाला, आणि वर दक्षिण उतारावर ट्रेमोला नावाचा जुना दगडी फरसबंदीचा रस्ता आहे, २४ हेअरपिनचा, तो अजूनही जागेवर आहे. घाई असणाऱ्याला त्याचं काहीच काम उरलेलं नाही, म्हणून तर तो चालवायला उरला. आपल्या आसपास एवढं भव्य काही नसेल पण गोष्ट तीच. नकाशात हायवेचा बोगदा किंवा डोंगर कापलेला भाग दिसला की त्याच्या डोक्यावरून जाणारी बारीक रेघ शोधायची. हायवे व्हायच्या आधी लोक जात होतेच ना, मग ते कुठून जात होते?

बरं, हे सगळं डोळ्यांनी शोधायचं म्हणजे वेळखाऊ, पण त्यातही आता मदत आहे. २००४ मधे सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्यांनी मिळून काढलेला नकाशा आहे आणि त्यातला डेटा खुला आहे, त्यामुळे काही हौशी लोकांनी त्यावर प्रोग्रॅम चालवून जगभरातले रस्ते त्यांच्या वळणदारपणाप्रमाणे रंगवून ठेवलेत. कल्पना छान आहे. रस्त्यावरचे लागोपाठचे तीन बिंदू घ्यायचे, त्यांच्यातून जाणारं वर्तुळ काढायचं, वर्तुळ जितकं लहान तितकं वळण कडक, आणि कडक वळणांवरच्या मीटरना जास्त मार्क. कुर्विगर नावाचा एक रूट प्लॅनर तर मुद्दाम वाकडा रस्ता शोधून देतो, नेहमीचे नॅव्हिगेशन ॲप जे टाळतात तेच नेमकं. मी दोन्ही वापरते. पण डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, कारण प्रोग्रॅमला वस्तीतल्या गल्लीचे काटकोनही वळणच वाटतात आणि कुणी घाईघाईत ढोबळ रेघ मारून ठेवलेला अस्सल घाट त्याला सरळ वाटतो. आणि यातलं काही न वापरता करायचं तर नकाशावरच्या रस्त्याच्या वळणांवरून लावून मोजायचा दोरा आहेच. रस्त्याची लांबी भागिले दोन टोकांमधलं सरळ अंतर. १२ किलोमीटरच्या अंतराला रस्ता १९ किलोमीटर लागत असेल तर आकडा येतो जवळजवळ १.६, आणि दीडच्या वर आकडा गेला की मी तरी अलार्म लावून झोपते. कागदी नकाशे असतील तर त्यांच्याही खुणा असतात, मिशेलिनच्या नकाशांत निसर्गरम्य रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते, कुणीतरी ते आधीच बघून ठेवलेलं असतं.

मग येतो तो खरा त्रासाचा प्रश्न. रस्ता पक्का आहे का?

यात मी एकदा चांगलीच फसले. नकाशात अप्रतिम रस्ता, आकडा १.८, मधे दोन खिंडी, मी एकटी, पहाटे निघाले, पहिले सहा किलोमीटर स्वर्ग. नंतर डांबर संपलं. आधी कडा खाल्लेल्या, मग मधे खड्डे, मग नुसती सुटी खडी, आणि नेमक्या उतारावर. मागे वळवायला जागा नाही, एका बाजूला दरी, दोन किलोमीटर रिव्हर्स किंवा खाली जायचं. मी पहिल्या गिअरमधे अंगाचं पाणी पाणी होत खाली उतरले, गाडीच्या पोटाला दगड लागला तो आवाज अजून आठवतो. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी आदल्या रात्री तासभर जास्त बसते. सॅटेलाइट फोटोत डांबर सलग राखाडी आणि कडा रेखीव दिसतात, मातीचा रस्ता तपकिरी आणि मधेच दोन-तीन फाट्यांत फुटलेला, कारण चिखल झाला की लोक बाजूनं नवी वाट पाडतात. रस्त्यावरून काढलेले फोटो असतील तर ते कधीचे आहेत ती तारीख आधी बघायची. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे बस. त्या रस्त्यावरून रोजची बस जात असेल तर रस्ता धड असणार, वळणावर बस फिरेल एवढी रुंदी असणार आणि तो मधेच कुणाच्या गेटपाशी संपणार नाही. सायकलवाले कुठून जातात तेही बघते, कारण बारीक टायरवाल्यांइतकी डांबराची पारख कुणालाच नसते.

अजून एक गोष्ट बघायची ती म्हणजे खाण. फोटोत डोंगराच्या अंगावर पांढुरका खरवडलेला चट्टा दिसला आणि आपला रस्ता त्याच्या तोंडाशी जात असला तर तो रस्ता सोडून द्यायचा, मग तो कितीही सुंदर वळत असो. डंपर असतात आणि डंपरमधून सांडलेली बारीक खडी नेमकी वळणाच्या बाहेरच्या बाजूला साठते.

आणि फाटे मोजायचे. अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर टेल ऑफ द ड्रॅगन म्हणून रस्ता आहे, ११ मैलांत, म्हणजे साधारण १८ किलोमीटरमधे ३१८ वळणं सांगतात. वळणांचा आकडा सगळे सांगतात पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, त्याला मधे कुठं फाटेच नाहीत, एका बाजूला राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला राखीव जंगल. कुणी अचानक आडवं येत नाही म्हणून माणूस वळणांकडे लक्ष देऊ शकतो. त्याच भागातल्या ब्लू रिज पार्कवेचं मला याहून जास्त वाटतं, ७५५ किलोमीटर, १९३५ साली काम सुरू झालं आणि शेवटचा तुकडा १९८७ साली पुरा झाला, मालवाहू ट्रकना बंदी आणि वेग जास्तीत जास्त ताशी ७२ किलोमीटर. आधी घोड्यासाठी रस्ते वळले, इथं मात्र माणसाला डोंगर नीट दिसावा म्हणून वळवले. कुणीतरी ५२ वर्षं या कामाला देण्यासारखी ही गोष्ट आहे, एवढं मला पुरतं.

आता वेगाबद्दल बोलायलाच हवं. वळणांची आवड म्हटलं की लोकांना टायर वाजवणारी मुलं आठवतात. मला वळणावर चालवायला खरं कुणी शिकवलं असेल तर आईनं. तिला गाडी लागते. लहानपणापासून लागते, घाट सुरू झाला की डोळे मिटून खिडकीला डोकं टेकवायची. एकदा मी हौसेनं तिला माझ्या लाडक्या रस्त्यावर नेलं आणि चौथ्या वळणाला तिचा चेहरा उतरला, सातव्याला गाडी थांबवावी लागली. रस्त्याकडेला तिची पाठ चोळत उभी असताना मला इतकं वाईट वाटलं, की जी गोष्ट मला सगळ्यात प्रिय ती मी हिला शिक्षा म्हणून दिली.

मग वाचायला लागले. कान सांगतो शरीर हलतंय, डोळे गाडीच्या आतलं स्थिर काहीतरी बघत असतात, दोघांचं जमत नाही म्हणून मळमळतं. आणि सगळ्यात वाईट असतात ते सावकाश झोके, साधारण पाच सेकंदाला एक या लयीतले. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही कारण पुढे काय होणार ते त्याला आधीच माहीत असतं. म्हणजे आईला मागच्या सीटवर बसवून, डोळे मिटायला सांगून, आम्ही इतकी वर्षं नेमकं उलटं करत होतो. आता ती पुढे बसते, काच थोडी खाली, नजर रस्त्यावर लांब. आणि मी बदलले ते असं, की ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच पूर्ण करायचा, वळणात शिरताना गाडी शांत हवी, स्टिअरिंग एकदाच फिरवायचं आणि तिथंच धरायचं, मधे दुरुस्त्या नाहीत, आणि बाहेर पडताना हलकेच वेग. आईची मान हलली नाही पाहिजे हीच परीक्षा. गंमत म्हणजे असं चालवल्यावर गाडी आधीपेक्षा हळू जाते असंही नाही, आणि मजा तर कितीतरी जास्त येते, कारण वळण तुकड्या-तुकड्यांत न जाता एका ओळीत जातं.

वेगाचा हिशोब तसाही कठोर आहे. गाडीला वळणात धरून ठेवायला जो जोर लागतो तो वेगाच्या वर्गानं वाढतो. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० नं गेलं तर टायरवर येणारा आडवा जोर गाडीच्या वजनाच्या निम्मा. ६० नं गेलं तर वेग वाढला दीडपट पण जोर सव्वादोन पट, म्हणजे वजनापेक्षाही जास्त, आणि साधा टायर साध्या डांबरावर तेवढं धरू शकत नाही. ओल असेल, पानं पडलेली असतील, खडी असेल तर त्याच्याही आधी सुटतो. त्यामुळे मी समोरच्या वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा जिथं एकमेकींना भेटताना दिसतात त्या बिंदूकडे बघते. तो बिंदू पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. तो जागेवरच थांबला किंवा आपल्याकडे यायला लागला तर वळण पुढे आवळत चाललंय, पाय वर घ्यायचा. दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे, कारण पलीकडे गुरं असतात, सायकलवर पोर असतं, दरड सुटलेली असते. त्या रस्त्यावर लोक राहतात, त्यांच्या अंगणातून जातोय आपण, म्हणून वस्ती आली की मी गाडी अगदी हळू करते आणि हॉर्न वळणाच्या आधी एकदाच, छोटा. उतरताना ज्या गिअरमधे चढलो असतो त्याच गिअरमधे उतरायचं, नाहीतर ब्रेक तापून पायाखाली मऊ लागायला लागतात, आणि ती जाणीव फार घाण असते.

वेळ पहाटेचीच. आदल्या रात्री सूर्य कुठून उगवणार तेही बघून ठेवते, चढताना ऊन तोंडावर असेल तर अर्धी वळणं आंधळी होतात, म्हणून तेवढ्यासाठी कधीकधी तोच रस्ता उलट्या टोकाकडून धरते. पहिल्या पावसात नाही जायचं, महिनोन्‌महिने साठलेली धूळ आणि तेल वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. चार सरी होऊन गेल्या, रस्ता धुतला आणि वाळला की मग.

लोक म्हणतात गोल फेरी काढावी, गेलेल्या रस्त्यानं परत येऊ नये. मला हे पटत नाही. माझा अनुभव असा की वळणांचा रस्ता येताना वेगळाच रस्ता असतो. चढ उतार होतो, डावं वळण उजवं होतं, डोंगराकडची बाजू सोडून आपण दरीकडच्या बाजूला येतो, जाताना जे झाड पाठीमागे होतं ते येताना वळणाच्या बरोबर तोंडावर उभं असतं. माझ्या एका रस्त्यावर मी पन्नासेक वेळा तरी गेले असेन आणि तिथलं एक वळण मला अजून नीट जमलेलं नाही, बाहेरून उचललेलं असायला हवं ते उलट्या बाजूला कललंय, आणि मधेच आवळतं. दर वेळी त्याच्यापाशी आलं की मी जरा सावरून बसते.

गेल्या महिन्यात आईच म्हणाली, "तुझ्या त्या पाण्याच्या रस्त्यानं जाऊया का?" मी काही बोलले नाही, फक्त अलार्म लावला. सव्वासहाला आम्ही पाण्यापाशी होतो, धुकं पाण्यावर पसरलेलं, रस्ता कोरडा, समोर-मागे कुणी नाही. पहिली चार-पाच वळणं मी तिच्याकडेच बघत होते, म्हणजे कडेनं. ती गप्प, नजर लांब. मग एका सोंडेवरून आम्ही बाहेर आलो आणि पुढचा रस्ता झाडीमागे दिसेनासा झाला, तर ती म्हणाली, "आता आत वळेल बघ." मी विचारलं, कशावरून? "तिथं झाडं दाट झालीत ना. ओढा असणार."

मी तिसऱ्याचा दुसरा केला. रस्ता आत वळला, ऊन गेलं, गारवा आला, आणि मोरीखाली पाण्याचा आवाज होता.